ओढ्याच्या अलीकडचा माणूस

यॉर्क, सन १४७६
प्रभुदेहाच्या सणानंतरचा मंगळवार

माननीय थॉमसिनताई यांस, धाकटा भाऊ लॅम्बर्ट याचा नमस्कार.

बऱ्याच काळाने पत्र लिहितो आहे. धंद्याच्या रगाड्यात सवड झाली नाही, आणि आपल्या त्या खोऱ्यात लोकरीचे तांडे सोडले तर जातं तरी कोण? आपण सुखरूप असाल अशी आशा आहे. मेंढ्याही.

मी इथे खोगीरवाल्यांच्या मंडळात मानाच्या जागी आहे, हे आपल्या कानावर आलंच असेल. आमच्या घराला समोरून काच आहे. बिट्रिसच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, देवळाला जी घंटा दिली, ती अख्ख्या पेठेत ऐकू येते. यंदा प्रभुदेहाच्या मिरवणुकीत मंडळाची मशाल माझ्या हाती होती. मेयरसाहेब, त्यांचे बारा वडीलधारे, पाद्री, सगळं शहर रस्त्यावर. तुमच्याकडे अशा दिवशी काय करतात? पाद्री कुंपणाभोवती एक फेरी मारत असेल आणि मागून कुत्री.

आता एक बारीकसं काम आहे. इतकं बारीक, की लिहावं की नको असं झालं होतं.

देवाच्या मागे उजवीकडून कुणी चालायचं आणि डावीकडून कुणी, यावर आमचं आणि विणकरांचं माझ्या सासऱ्यांच्या काळापासून भांडण आहे. विणकरांतला ह्यू थ्वेट नावाचा एक टिनपाट माणूस मला ढोसत ढोसत डावीकडे सारू लागला. त्याच्या मशालीचं मेण माझ्या नव्या बाहीवर सांडलं. मी माझी मशाल त्याच्या डोक्यावर टेकवली. जोरात टेकली, हे मान्य. त्या रागात तोंडून दोन शिव्या आपल्या तिकडच्या गेल्या. इतकी वर्षं जीभ घासूनपुसून ठेवली होती, ती ऐन वेळी उलटली. थ्वेट तिथेच बोंबलला, 'अरे, हा तर स्कॉट आहे!'

मूर्खपणाच. पण इथे कुणी कुणाला स्कॉट म्हटलं की मेयरला ते कानाआड करता येत नाही. स्कॉट माणसाला शहरात दुकान मांडता येत नाही, मंडळात बसता येत नाही. गेल्या वर्षी एका रंगाऱ्याला आम्हीच याच कारणाने बाहेर काढला. तो बहुधा स्कॉटच असावा, नाक तसं होतं. तेव्हा सप्टेंबरअखेरच्या सेंट मायकेलच्या सणापर्यंत मी जन्मगावाहून दाखला आणायचा आहे की मी सरहद्दीच्या अलीकडे जन्मलो आणि माझा बाप्तिस्मा इंग्रज देवळातला आहे. जो काही पाद्री तिथे असेल त्याच्याकडून लिहून घ्यावं. साक्षीला चार सभ्य माणसं असावीत. मेंढ्या पळवण्यात नाव आलेली नकोत. अशी चार मिळतील ना?

स्वतः यायची तसदी घेऊ नये, रस्ता वाईट आहे. सोबत बिट्रिसचा एक झगा पाठवत आहे. कोपरात जरा विरला आहे, पण तिकडे चालून जाईल.

आपला,
लॅम्बर्ट हेडली

⁂

थॉर्नहोप
सेंट जॉनच्या शेकोट्या विझल्या त्या दिवशी

लॅम्बर्टास थॉमसिनचा आशीर्वाद. द्यावा लागतो म्हणून.

मी सांगते आहे आणि आपले ओसबर्ट पाद्रीबाबा लिहितायत. 'जो काही पाद्री असेल' तो हाच. तुझं पत्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं चुकून दुसऱ्या कुणाचं आलं. हे 'आपण' कोण रे? मी? जिने तुझं शेंबडं नाक आपल्या पदराने पुसलं, ती मी आज 'आपण' झाले? आणि पत्र केवढं लांबलचक! घंटा काय, काच काय. धंद्याला जागलास हो, सगळी खोगीरभरती. ताकाला यायचं आणि भांडं लपवायचं ही तुझी लहानपणापासूनची खोड.

झगा पोचला. आजारी कोकराच्या अंगावर घातला होता. त्याने लाथा मारून काढला.

आता तू जन्माचं काढलंसच म्हणून मीही जुनं काढते. आई गेली तेव्हा तुला निरोप पाठवला होता, लोकरीच्या तांड्याबरोबर. तांडेवाल्याने परत येऊन सांगितलं, 'दुकानात उभं राहून ऐकलं आणि बरं म्हणाले.' बरं! तिच्या आत्म्यासाठी एक मिस्सा सांगितला नाहीस. एक मेणबत्ती पाठवली नाहीस. विणकराच्या टाळक्यात घालायला मात्र मशाल होती.

राहू दे. तुला दाखला हवा ना? मग नीट ऐक, तू कसा जन्मलास ते. तुला हे आईने सांगितलं नसेल, कारण मोठा झाल्यावर तू तिचं कधी ऐकलंच नाहीस.

आई वरच्या कुरणात मेंढ्या घेऊन गेली होती. दिवस भरायला अवकाश होता असं तिला वाटत होतं. मी चार-पाच वर्षांची, तिच्या मागेमागे. वादळ आलं, ओढा फुगला, आणि माळावरच्या खोपीत तिला कळा सुरू झाल्या. बाप गावात. अलीकडचं एक माणूस जवळ नाही. होती ती एफी क्रोझर. ओढ्यापलीकडची. हो, स्कॉट. तिच्याही मेंढ्या त्याच माळावर असायच्या. आपल्याकडचे पुरुष हिवाळ्यात एकमेकांची गुरं पळवतात आणि बायका उन्हाळ्यात एकमेकींची बाळंतपणं करतात, हे शहरात गेलास म्हणून विसरलास की काय?

तू निळा पडला होतास. रडेनास. एफीने ओढ्याचं पाणी ओंजळीत आणून तुझ्या डोक्यावर घातलं, 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने' म्हणाली आणि तुझं नाव ठेवलं. तेव्हाच्या पाद्र्याने पुढे देवळात राहिलेल्या प्रार्थना म्हटल्या, पण पाणी पुन्हा घातलं नाही. बाप्तिस्मा झालेला होता, तो दोनदा करत नाहीत. मग आईला ताप आला, दूध आटलं. तुला पाजलं कुणी? एफीने. एका बाजूला तिची पोर, एका बाजूला तू. पोर अशक्त होती. पुढच्या थंडीत गेली. एफी त्याबद्दल कधी काही बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही.

तो पाद्री मेला, बाप मेला, आई मेली. मी तेव्हा पोर, माझी साक्ष कोण धरणार? तू धरणीवर कुठल्या तीरावर पडलास हे डोळ्यांनी पाहिलेलं आणि शपथेवर सांगू शकेल असं एकच माणूस आज जिवंत आहे. नवरा गेल्यापासून ती माझ्याच घरी असते. आईच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी तीच होती. तिचं नाव दाखल्यात घालते. चालेल का, कळव.

थॉमसिन

ता. क. जसं सांगितलं तसं लिहिलं आहे. कोकराचा मजकूर गाळावा असं मी सुचवलं होतं. ऐकलं नाही. सेवक, ओसबर्ट.

⁂

यॉर्क
सेंट स्विदनचा दिवस

ताई,

ते पत्र मी वाचलं आणि जाळलं. तूही जे काही असेल ते जाळ.

तुला काही कळतं का? मी स्कॉट नाही हे कोण सांगणार, तर एक स्कॉट बाई! कोकरू कुणाचं याची साक्ष लांडग्याला विचारायची! मेयरच्या दिवाणखान्यात हे नाव वाचलं गेलं तर थ्वेट हसून हसून बाकावरून खाली पडेल. नुसतं नाव नाही. तिने पाणी घातलं, तिने नाव ठेवलं, तिने पाजलं! माझ्यात मग इंग्रज उरलं काय?

इथे मी कोण आहे याची तुला कल्पना नाही. बिट्रिसला मी सांगितलं आहे की आपल्या वडिलांची जमीन होती, आणि माझ्या जन्माच्या वेळी हेक्समहून सुईण आणली होती. पालखीतून. पालखीचं मी उगीच बोललो, पण आता बोलून बसलो.

मार्ग सोपा आहे. दाखल्यात 'एफी क्रोझर' ऐवजी दुसरं एक नाव घाला. एलिनोर घाला, सिसिली घाला, अमक्याची बायको म्हणा. बाई मेली आहे म्हणा, म्हणजे कुणी भेटायला मागणार नाही. पाद्रीबाबांना म्हणावं, त्यांच्या देवळाला मी रंगीत काचेची खिडकी देईन. खाली नाव त्यांचं. असलं देऊळ ते, पावसाळ्यात आत छत्र धरून मिस्सा करत असतील. खिडकी त्यांना नको का?

आणि त्या बाईला यातलं काही कळू देऊ नकोस. म्हातारी माणसं बडबडतात.

मी तुला कधी काही मागितलं नाही. हे एवढं कर. दाखला आला नाही तर दुकान बंद, मंडळातून नाव कमी, बिट्रिस माहेरी. आणि वेशीबाहेर त्या रंगाऱ्याच्या शेजारी मी.

लॅम्बर्ट

⁂

थॉर्नहोप
नव्या पिठाच्या भाकरीचा सण

लॅम्बर्टास,

'आपण' वरून 'तू' वर आलास, म्हणजे घाबरलास. बरं झालं. तेवढाच माणसात आलास.

पाद्रीबाबांनी तुझी खिडकी ऐकली. तुला ठाऊक आहे, बिचारे कोंबडीलाही दटावत नाहीत. पण बाप्तिस्मा कुणी दिला यात खोटं नाव घालायचं म्हटल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, 'थॉमसिनबाई, छत गळतं ते गळू दे.' तेव्हा तो मार्ग बंद.

दुसरी गोष्ट. 'बाईला कळू देऊ नकोस' हे वाक्य पाद्रीबाबांनी मोठ्याने वाचलं तेव्हा ती बाई चुलीपाशी बसून लोकर विंचरत होती. ती माझ्या घरात राहते असं तुला मी लिहिलं होतं. पत्र जाळण्याआधी नीट वाचायची तसदी घ्यायची होतीस.

मला वाटलं, आता ही फणी फेकून उठेल. मी असते तर उठले असते. लांडगा म्हणालास तू तिला. ती हसली. दात राहिले नाहीत, तरी सगळं तोंड भरून हसली. म्हणाली, 'लॅमी अडचणीत आहे का गं? त्यांना एवढंच हवंय ना, कुठल्या तीरावर पडला ते? मग पाद्रीबाबांनी बोटं कशाला झिजवायची? मी जाऊन सांगते.' मी म्हटलं, 'अगं, त्याला तुझी लाज वाटते.' तर म्हणे, 'लहान आहे तो.'

लहान! चाळिशीचा घोडा, पोट सुटलेलं, आणि ती म्हणते लहान आहे.

ती निघाली आहे. आवरून आवरली नाही. लोकरीच्या तांड्याबरोबर, जमेल तिथे गाडीत आणि बाकी पायी. तुला म्हणून मेंढीच्या दुधाचं चीज घेतलंय, फडक्यात बांधून. मरियामातेच्या सणाच्या सुमाराला बूथमच्या वेशीशी पोचेल. तिची बोली ऐकली की पहारेकरी तिला आत सोडणार नाहीत, हे मला माहीत आहे. तिला माहीत नाही. तिला वाटतं, 'लॅमीकडे आले' म्हटलं की वेस उघडेल.

दाखल्याचं मी बघते. तिने निघण्याआधी पाद्रीबाबांसमोर ग्रंथावर हात ठेवून सगळं सांगितलंय. तुझं मी अडवणार नाही. माझं मागणं एकच. त्या दिवसांत तू वेशीवर ये. तिचा हात धर आणि म्हण, ही माझी दूधआई. घरी नेऊ नकोस हवं तर, बिट्रिसला सांगितलेली ती पालखी वाटेत येत असेल. पण एवढं म्हण.

थॉमसिन

⁂

यॉर्क
मरियामातेच्या सणानंतरचा शुक्रवार

ताई,

तुझं पत्र पोचलं. दाखला अजून पोचला नाही. सेंट मायकेलचा सण आता किती दूर आहे, हे तुला सांगायला नको.

बाकी इकडे सगळं ठीक. सणाच्या मिस्सात मानाच्या क्रमाने फिरवतात त्या शांतीच्या पाटीचं चुंबन बिट्रिसला दुसऱ्या क्रमांकाने मिळालं. तिसऱ्यावर थ्वेटची बायको होती. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

तू विचारशीलच म्हणून लिहितो. त्या आठवड्यात वेशीवर पाळी आमच्या वॉर्डाची होती, त्यामुळे मी तिथेच होतो. तू म्हणालीस वेशीवर ये, तर मी होतोच. पण एकटा नव्हतो. माझ्यावर नजर ठेवायला म्हणून थ्वेट रोज तिथे येऊन बसायचा. शहराचे खजिनदारही त्या दिवशी नेमके जकातीची पाहणी करायला आले होते.

ती गर्दीत होती. तिने तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. ओल्या लोकरीचा आणि धुराचा वास आला, त्या खोपीचा. मला ती खोपी आठवते हे मला ठाऊकच नव्हतं. तिने पहारेकऱ्याला काहीतरी सांगितलं, तो म्हणाला, 'स्कॉट!' आणि सगळे वळले. तिने मला पाहिलं. भर वेशीत ओरडली, 'लॅमी! किती रे मोठा झालास!'

थ्वेट म्हणाला, 'का हो हेडली, ओळखीची?'

आता तूच सांग, मी काय करायचं होतं? एक शब्द, आणि वीस वर्षांचं सगळं तिथे चिखलात. मी म्हणालो, 'मी हिला ओळखत नाही.' पहारेकऱ्याने विचारलं, 'नक्की?' मी म्हणालो, 'नक्की.' तेव्हा त्यांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. फार काही केलं नाही. डोक्याचं फडकं कुणीतरी ओढलं, ते चुकून असेल. चीज खाली पडलं, ते कुणाच्या तरी कुत्र्याने नेलं.

संध्याकाळी मी मोलकरणीबरोबर भाकरी पाठवली. तोवर ती गेली होती. म्हणजे मी अगदीच काही केलं नाही असं नाही.

शहाणी बाई आहे ती. समजून घेईल. तूही घे. मला लाज वाटली नाही असं नाही. कशाची, ते विचारू नकोस.

दाखला लवकर पाठव. आणि आता तरी तिचं नाव त्यात नको. वेशीवर ओळखत नाही म्हटलेल्या बाईचं नाव माझ्याच दाखल्यात निघालं तर काय होईल, याचा विचार कर.

लॅम्बर्ट

⁂

थॉर्नहोप
पवित्र क्रूसाचा दिवस

यॉर्कचे प्रतिष्ठित खोगीरवाले लॅम्बर्ट हेडली यांस,

आपलं पत्र पोचलं. आपण म्हणता तसा विचार केला.

एफी परत आली. तांडेवाल्यांनी तिला लोकरीच्या गाठोड्यांवर निजवून आणलं. पायाचे तळवे सोलले होते, खोकला होता. आता बरी आहे. आपण काळजीत असाल म्हणून नव्हे, ओसबर्टबाबा म्हणाले लिहा म्हणून लिहिलं.

मी विचारलं, लॅमी भेटला का? म्हणाली, 'नाही गं. मी गेले, पण तो तिथे नव्हता. वेशीत कुणी एक जाडा गृहस्थ होता. लांबून मला वाटलं तोच. पण तो नव्हे. मी नीट पाहिलं.' ही बाई खोटं बोलत नाही, आणि तिची नजरही चांगली आहे. तेव्हा मी पुढे विचारलं नाही. माणसं मेल्यावर रडायला येतं. हे काय आहे, ते मला अजून कळत नाही, पण त्या दिवशी मी रडले. आपल्यासाठी नाही.

आमच्याकडे म्हणतात, गरज सरो वैद्य मरो. आपण गरज सरायचीही वाट पाहिली नाहीत.

पण दाखल्याचं मी कबूल केलं होतं, आणि आम्ही खेड्यातली माणसं बोललेलं पाळतो. दाखले दोन केले. एक ओसबर्टबाबांचा, की आपण अलीकडच्या तीरावर जन्मलात, एफीच्या शपथेवरून. दुसरा मी ओढा ओलांडून आणला. आपल्याला सिद्ध काय करायचं आहे? स्कॉट नाही, हे. मग ते स्कॉटांनाच का विचारू नये? एफीच्या भावकीतल्या म्हाताऱ्यांसमोर मी सगळं सांगितलं. एफीला बोलावलं नव्हतं. ती 'नका रे' म्हणाली असती. त्यांच्या पाद्र्याने लिहून घेतलं, आणि त्यांनी मेणावर ठसे उमटवले. दोन्ही कागद मी लोकरीच्या व्यापाऱ्यांबरोबर थेट मेयरकडे पाठवले आहेत, मोहोरबंद. आपल्याला जाळायची सवय आहे. आपल्या माहितीसाठी दुसऱ्याची नक्कल इथे देते:

'आम्ही ओढ्यापलीकडचे, स्कॉटलंडच्या राजाचे प्रजाजन, पवित्र ग्रंथावर हात ठेवून सांगतो की यॉर्कचा लॅम्बर्ट हेडली हा आमचा नाही. आम्ही घरोघर विचारून खात्री केली. तो अलीकडच्या तीरावर जन्मला. आमच्यातली एफी क्रोझर हिने त्याला झेलला, ओढ्याच्या पाण्याने त्याचा बाप्तिस्मा केला, आणि आपल्या मुलीच्या तोंडचं दूध त्याला पाजलं. ती म्हातारी त्याच्याच बाजूने साक्ष द्यायला यॉर्कला गेली असता, त्याने वेशीवर सर्वांदेखत हिला ओळखत नाही असं सांगितलं. आमच्यात चोर आहेत. गुरं पळवणारे आहेत, त्यातले काही फासावरही गेले. पण असला माणूस आमच्यात नाही आणि नव्हता. जो कुणी त्याला स्कॉट म्हणेल, तो आमच्यावर आळ घेतो. तो आळ मागे घ्यावा, ही मेयरसाहेबांना नम्र विनंती.'

आपलं काम झालं.

थॉमसिन हेडली

⁂

यॉर्क
सेंट मायकेलच्या सणानंतरचा रविवार

ताई,

झालं. मी इंग्रज आहे. वहीत तसं नोंदलं गेलं.

मेयरने आधी ओसबर्टबाबांचा कागद वाचून घेतला. ठीक झालं. मग कारकुनाने दुसऱ्याची मोहोर फोडली. मी त्याला थांबवायला उठलो होतो, पण म्हणणार काय? पुरावा माझ्याच बाजूचा होता. 'असला माणूस आमच्यात नाही' इथपर्यंत आल्यावर दिवाणखाना जो हसायला लागला, की कारकुनाला पुन्हा सुरुवातीपासून वाचावं लागलं. दोनदा ऐकलं मी ते.

मग थ्वेट उठला. म्हणाला, 'मेयरसाहेब, मी माझा आरोप मागे घेतो. माझी चूक झाली. शंकाच नको. हा आपलाच.'

पुन्हा हसले. पण यावेळी अर्धे जण मध्येच थांबले. थ्वेट काय म्हणाला, ते बहुतेक त्यांना जरा उशिरा कळलं असावं. मेयरसाहेबांनी माझ्याकडे न बघता सही केली.

दुकान चालू आहे. मंडळातली जागा आहे. पुढच्या वर्षी मशालही माझ्याच हाती असेल, आणि उजवीकडून. काही गेलं नाही. रस्त्यात लोक वाकून म्हणतात, 'नमस्कार करावा तर असल्या इंग्रजाला!' आणि पोरं बूथमच्या वेशीत उभी राहून एकमेकांना 'मी हिला ओळखत नाही' म्हणत खेळतात. बिट्रिस काल एकदाच बोलली. म्हणाली, 'त्या बाईच्या पोरीचं नाव काय होतं?' मला माहीत नव्हतं.

सोबत मेणबत्ती पाठवतो आहे, आईसाठी. चांगल्या मेणाची आहे. एफीला एक लोकरी शाल, नवी, कुणी न वापरलेली. तिला सांग. काय सांगायचं ते मला सुचत नाही, तूच काहीतरी सांग. तुला तिच्याशी बोलता येतं.

आणि ताई, शिव्या दे. कोकरावर झगा टाकलास तशा दे. पण ते 'आपण' नको. इथे मला सगळेच 'आपण' म्हणतात.

तुझा
लॅमी

⁂

थॉर्नहोप
सर्व आत्म्यांचा दिवस

लॅम्बर्ट हेडली यांस, ओसबर्ट पाद्री याचा आशीर्वाद.

आपलं पत्र वाचून दाखवलं. मेणबत्ती आज आपल्या मातोश्रींसाठी लावली. छत गळत असूनही शेवटपर्यंत जळली. मुलीचं नाव बिट्रिसबाईंनी विचारलं होतं. ते मी एफीबाईंना विचारलं. तिचं नाव अ‍ॅनॉट होतं.

शाल थॉमसिनबाईंनी परत तांड्यात दिली आहे. एफीबाईंना आधीच एक आहे, म्हणाल्या. पत्राला उत्तर काय लिहू, असं मी लेखणी घेऊन बराच वेळ विचारत बसलो होतो. थॉमसिनबाई लोकर विंचरत राहिल्या.

एफीबाईंना हल्ली कमी ऐकू येतं. पत्र चालू असताना त्या मधेच म्हणाल्या, 'कुणाचं गं?'

थॉमसिनबाई म्हणाल्या, 'कुणाचं नाही. शहरातल्या एका इंग्रजाचं.'